नाव ऐकले, हाक ऐकली का?

रमजानच्या दिवसांत असरची नमाज झाली की वालचंदनगर, कळंब, अंथुर्णे, निमगाव केतकी या पट्ट्यातल्या मशिदींत इफ्तारची तयारी सुरू होते. दस्तरखान पसरला जातो, खजूर आणि कलिंगडाच्या फोडी ताटांत लागतात, सरबतात बर्फ पडतो आणि या गडबडीत नावांच्या हाका ऐकू येत राहतात. इस्माईलभाई, इब्राहिममामू, याकूबचाचा, युसूफ, दाऊद, सुलेमान. शेजारच्या हिंदू घरांत ही नावे ‘मुसलमानी’ म्हणून ओळखली जातात. ज्यांची ती नावे आहेत, त्यांतल्या बहुतेकांना ती अरबी वाटतात. प्रत्यक्षात ही सगळी नावे अरबीत येण्याच्या कितीतरी आधी हिब्रू भाषेत होती. यहुदी धर्मग्रंथात ती आहेत, ख्रिस्ती बायबलमध्ये आहेत आणि पवित्र कुरआनातही आहेत. इंदापूर तालुक्यातल्या एका दस्तरखानाभोवती तीन धर्मांच्या आठवणी रोज मांडी घालून बसतात आणि त्याची जाणीव फारशी कुणाला नसते.

यांतल्या इस्माईल या एका नावाकडे रमजानच्या निमित्ताने नीट पाहायला हवे. हे नाव म्हणजे एक पूर्ण वाक्य आहे आणि त्या वाक्याचा रोज्याशी फार जवळचा संबंध आहे.

हिब्रूत या नावाचा उच्चार ‘यिश्माएल’ असा होतो. मराठी बायबलमध्ये ते ‘इश्माएल’ असे छापलेले असते. ‘यिश्मा’ म्हणजे ऐकतो किंवा ऐकेल आणि ‘एल’ म्हणजे ईश्वर. देव ऐकतो, असा सरळ अर्थ. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या बहिणी. हिब्रूतला ‘श’ अरबीत पुष्कळदा ‘स’ होऊन येतो. तिकडचा ‘शालोम’ इकडे ‘सलाम’ होतो. नाव या अर्थाचा तिकडचा ‘शेम’ इकडे ‘इस्म’ होतो. तसाच ऐकणे या अर्थाचा तिकडचा ‘शमा’ इकडे ‘समिअ’ होतो. उर्दूत न्यायालयातल्या सुनावणीला ‘समाअत’ म्हणतात आणि सूफींच्या कव्वालीच्या बैठकीला ‘महफिले समा’ म्हणतात. ही सगळी एकाच धातूची लेकरे. इस्माईल हे नाव त्याच घरातले.

हे नाव कुणी, कुठे आणि कशासाठी ठेवले, हे पाहिले की त्याचे वजन कळते. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात सोळाव्या अध्यायात ही कथा येते. हागार, म्हणजे मुस्लिमांच्या हजरत हाजरा, ही मिसरची स्त्री अब्राहामाच्या घरात दासी होती. पोटात मूल असताना घरातला जाच सहन न होऊन ती रानात निघून गेली. वाटेवरच्या एका झऱ्यापाशी फरिश्ता तिला भेटला. तुला मुलगा होईल, त्याचे नाव इश्माएल ठेव, कारण देवाने तुझे दुःख ऐकले आहे, असे त्याने सांगितले. जन्माआधीच ज्याचे नाव देवाकडून आले, असा बायबलमधला हा पहिला माणूस. देवदूत भेटल्याचा त्या ग्रंथातला पहिला प्रसंगही हाच. तो कुणा राजाच्या वा पुरोहिताच्या वाट्याला आला नाही. तो आला घर सुटलेल्या, पोटुशी, परक्या मुलखातल्या एका दासीच्या वाट्याला. काही मुस्लिम लेखक हजरत हाजरांना मिसरच्या राजघराण्यातल्या मानतात. ते मानले तरी त्या रानात त्या एकट्या होत्या आणि त्यांच्यासाठी बोलणारे कुणी नव्हते, हे बदलत नाही.

पुढे सतराव्या अध्यायात अब्राहाम या मुलासाठी मागणे मागतो आणि देव त्याला सांगतो की तुझे ऐकले. एकविसाव्या अध्यायात मायलेक वाळवंटात आहेत, मशकीतले पाणी संपले आहे, मूल रडते आहे. या प्रसंगात मुलाचे नाव एकदाही घेतलेले नाही. पण देवाने मुलाचा आवाज ऐकला असे जिथे म्हटले आहे, तिथे हिब्रू वाचणाऱ्याला ते नाव ऐकूच येते, कारण ऐकण्याचे क्रियापद तेच आहे. आईचे दुःख, बापाचे मागणे आणि लेकराचे रडणे, या तिन्ही गोष्टी या एका नावात साठवलेल्या आहेत.

मुस्लिम परंपरेत हीच आठवण सहीह बुखारीतल्या एका प्रदीर्घ हदीसमध्ये येते. हजरत इब्राहिम (अ.) हाजरा आणि तान्ह्या इस्माईलला मक्केच्या ओसाड दरीत सोडून निघतात. जवळ थोडे खजूर आणि पाण्याची मशक. हाजरा मागे जाऊन पुन्हा पुन्हा विचारतात, उत्तर मिळत नाही. शेवटी त्या विचारतात, हा अल्लाहचा हुकूम आहे का? होय, असे उत्तर येते. मग तो आमची हेळसांड होऊ देणार नाही, असे म्हणून त्या परत फिरतात. पाणी संपते. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये त्या सात वेळा फेऱ्या घालतात, कुणी दिसते का पाहतात. सातव्या फेरीअखेर त्यांना काहीतरी ऐकू येते. तेव्हा त्या काय करतात? त्या स्वतःलाच गप्प करतात. मग कान देऊन ऐकतात. आवाज पुन्हा येतो आणि जिथे आज जमजम आहे, तिथे पाणी दिसते.

हज आणि उमरा करणारा प्रत्येक जण आजही सफा-मरवामध्ये त्या सात फेऱ्या घालतो. लाखो पुरुष एका आईच्या पावलांवर पाऊल टाकतात. पण फेऱ्यांच्या शेवटी त्या माऊलीने जे केले, त्याची आठवण क्वचितच काढली जाते. ऐकण्यासाठी आधी स्वतः गप्प व्हावे लागते. रोजा शिकवतो तो हाच धडा. पोट गप्प, जीभ गप्प, राग गप्प. हे सगळे गप्प झाले की मग इतर आवाज ऐकू यायला लागतात.

कुरआनात इस्माईल (अ.) यांचे नाव १२ वेळा आले आहे. त्यातल्या दोन जागा मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. सूरह बकरहमध्ये बाप-लेक काबागृहाच्या भिंती उभारत आहेत आणि आमची ही सेवा मान्य कर, अशी प्रार्थना करत आहेत. तिथे ते अल्लाहला ‘समीअ’, म्हणजे ऐकणारा, या नावाने हाक मारतात. दुसरी जागा सूरह इब्राहिममध्ये आहे. तिथे म्हातारपणी इस्माईल आणि इसहाक हे दोन पुत्र लाभल्याबद्दल हजरत इब्राहिम (अ.) आभार मानतात आणि त्याच आयतीच्या शेवटी आपला पालनकर्ता दुआ ऐकणारा आहे, असे म्हणतात. कुरआन नावाचा अर्थ फोड करून सांगत बसत नाही. पण नाव आणि अर्थ एका आयतीत शेजारी शेजारी ठेवतो. ऐकणाऱ्याला ते कळावे एवढीच अपेक्षा.

यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्या कथांत फरक आहेत. कुर्बानीचा प्रसंग बायबल इसहाकाच्या नावाने सांगते, कुरआनात त्या पुत्राचे नाव येत नाही आणि बहुतेक मुस्लिम तो पुत्र इस्माईल मानतात. हे फरक राहणारच आहेत. पण देवाने ऐकले म्हणून हे नाव, यावर तिघांचेही एकमत आहे.

रोज्याचा हुकूम सांगणाऱ्या आयती सूरह बकरहमध्ये १८३ ते १८७ या क्रमांकांवर आहेत. कुणावर रोजा फर्ज, आजारी आणि प्रवासी यांना कोणती सवलत, रात्री काय चालते, असा सगळा तपशील तिथे आहे. या नियमांच्या मधोमध १८६ वी आयत येते आणि तिच्यात रोज्याचा उल्लेखच नाही. अल्लाह सांगतो की मी जवळ आहे आणि हाक मारणाऱ्याच्या हाकेला उत्तर देतो. नियमांच्या ओळीत ही एक आयत अशी का बसवली असेल? भाष्यकारांनी याचे उत्तर दिले आहे की रोजा आणि दुआ ही जोडी आहे. त्याच उत्तराला इस्माईल या नावाचीही जोड देता येईल. जे त्या आयतीत आहे, तेच या नावात आहे.

आणखी एक हिशेब. नमाजमध्ये रुकूतून उठताना इमाम मोठ्याने सांगतो की ज्याने अल्लाहची स्तुती केली, त्याचे अल्लाहने ऐकले. त्या वाक्याचा पहिलाच शब्द ‘समिअ’. रमजानच्या रात्री इशाच्या चार फर्ज, तरावीहच्या वीस आणि वित्रच्या तीन, अशा २७ रकाती जमातीने होतात. म्हणजे एका रात्रीत हा शब्द २७ वेळा कानांवर पडतो आणि महिनाभरात जवळपास ८०० वेळा. इस्माईल नावाचा माणूस सफेत उभा असेल, तर त्याच्या नावातला अर्धा भाग इमाम दर रकातीला उच्चारत असतो.

मागणे ऐकले गेले म्हणून मुलाचे नाव ठेवायचे, ही रीत फक्त अरबस्तानची किंवा कनानची नाही. ज्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, त्या इंदापूरच्याच लढाईत मालोजीराजे भोसले कामी आले. मालोजीराजांना बराच काळ मूल नव्हते. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला त्यांच्या घराने नवस केला आणि पुढे दोन मुलगे झाले, ही हकीगत महाराष्ट्राला माहीत आहे. कृतज्ञता म्हणून पीराचे नाव दोघांत वाटले गेले. थोरले शहाजी, धाकटे शरीफजी. शरीफजी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत पडले. शहाजीराजांचा मुलगा याच पुणे जिल्ह्यात शिवनेरीवर जन्मला आणि तिथल्या शिवाई देवीवरून त्याचे नाव शिवाजी ठेवले, असे सांगितले जाते. बापाचे नाव पीरावरून, मुलाचे देवीवरून. ज्या घराने ही दोन्ही नावे ठेवली, त्या घराला त्यात काहीही विसंगत वाटले नाही. ऐकणारा ऐकतो, हाक कोणत्या दारातून मारली हे तो विचारत नाही, एवढे त्या काळच्या माणसांना पुरेसे होते.

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचे उदाहरणही इथे आठवते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणी माणसाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. शतकानुशतके ते मराठी बोलत राहिले, गावांवरून दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावत राहिले. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते. पण एक प्रार्थना त्यांनी विसरू दिली नाही. तिचा पहिला शब्द ‘शमा’, म्हणजे ऐक. सगळे हरवल्यावर जी गोष्ट शिल्लक राहिली, ती ऐकण्याबद्दलची होती.

त्यांची नावेही मराठी मातीत रुजली. अब्राहामचा अबाजी झाला, बेंजामिनचा बनाजी झाला, शमुवेलचा सामाजी झाला. शमुवेल या नावाच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कथा ओळखीची आहे. मूल नसलेली हन्ना देवळात मूकपणे ओठ हलवत मागणे मागते आणि ते ऐकले जाते. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनागृह बांधले. तिथल्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले. लोक त्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणत आणि मध्य रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. पुण्यात डेव्हिड ससून यांनी एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या लाल विटांच्या प्रार्थनागृहाला मात्र पुणेकरांनी ‘लाल देऊळ’ म्हटले. यहुद्यांचे प्रार्थनागृह मुंबईत मशीद झाले आणि पुण्यात देऊळ. साध्या माणसाने आपल्या जिभेवर जो शब्द होता, तो आदराने देऊन टाकला.

मूल जन्मले की मुस्लिम घरात त्याच्या उजव्या कानात अजान दिली जाते. सातव्या दिवशी अकीका आणि नाव. हिंदू घरात बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगते आणि ‘कुर्रर्र’ करते. दोन्हीकडे नाव कानातून आत जाते. बोलायला येण्याच्या कितीतरी आधी बाळाला ऐकायला येते, हे दोन्ही घरांतल्या बायकांना पक्के माहीत असते.

आज नावाचे काय झाले आहे, याचा विचार मात्र अस्वस्थ करतो. इंदापूर-बारामती भागातला मुलगा शिकायला किंवा नोकरीला पुण्यात जातो. खोली बघायला फोन करतो. भाडे ठरते, अनामत ठरते, मग घरमालक नाव विचारतो. नाव सांगितले की खोली ‘आत्ताच गेली’ असे उत्तर येते. कामाच्या ठिकाणी कुणी सोयीसाठी त्याला राजू म्हणते आणि तोही ते चालवून घेतो, कारण राजू म्हटल्यावर निदान पुढचे बोलणे होते. ज्या नावाचा अर्थ ‘देव ऐकतो’ असा आहे, ते नाव ऐकल्यावर माणसे ऐकणे बंद करतात. याहून मोठा उलटा प्रवास एखाद्या शब्दाचा क्वचितच झाला असेल.

मराठीत ‘इसम’ असा एक शब्द आहे. पोलिसांच्या जबाबात आणि वर्तमानपत्रांत तो रोज भेटतो. अनोळखी इसम, संशयित इसम. हा शब्द अरबी ‘इस्म’वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ नाव. उर्दूत अदबीने नाव विचारताना ‘इस्मे शरीफ?’ असे म्हणतात, म्हणजे आपले शुभ नाव काय. तोच शब्द मराठीत येईपर्यंत ज्याचे नाव माहीत नाही अशा माणसाला चिकटला. नाव ऐकून माणसाबद्दलचा निकाल लावणारा समाज त्याला अनोळखी इसमच करून टाकतो. त्याचे शिक्षण, त्याचा स्वभाव, त्याची आई कशी राबली, त्याला क्रिकेट आवडते की गणित, यातले काहीही ऐकून घेतले जात नाही.

पण सगळा दोष दुसऱ्याच्या कानांवर टाकून मोकळे होण्यात रमजान नाही. हे नाव ज्या घरांत वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचले आहे, त्या घरांनाही काही विचारायला हवे. आता मुलाचे नाव ठेवताना मोबाइलवर याद्या पाहिल्या जातात. वेगळे हवे, छोटे हवे, दुसऱ्या कुणाचे नसलेले हवे. नाव वेगळे असावे यात वाईट काही नाही. पण अर्थ एका ओळीत वाचून पुढे जायचे आणि त्या नावामागच्या माणसांची हकीगत मुलाला कधी सांगायचीच नाही, ही गरिबी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चांगली नावे ठेवा, असे शिकवले. स्वतःच्या पुत्राचे नाव त्यांनी आपल्या पूर्वजावरून इब्राहिम ठेवले. त्या मुलाची आई हजरत मारिया हाजरांसारखीच मिसरची होती. नाव म्हणजे पूर्वजांचे घेतलेले बोट असते.

आणि घरात? रमजानमध्ये पहाटे तीनला उठून सहेरीचे बघणारी, दिवसभर रोज्यात राहून संध्याकाळी दहा जणांचा इफ्तार मांडणारी, पहिला घास घेता घेता कुणाला काय कमी पडले ते पाहायला पुन्हा उठणारी बाई घरोघर असते. तिला तरावीहला उभे राहण्याइतका वेळ उरतो का, तिला काही सांगायचे आहे का, हे किती घरांत विचारले जाते? इस्माईल हे नाव एका बाईचे ऐकले गेले म्हणून आले. ज्या घरात मुलाचे नाव इस्माईल आहे आणि त्याच्या आईचे कुणी ऐकत नाही, त्या घराने नाव घेतले आणि अर्थ दाराबाहेर ठेवला.

घराच्या उंबऱ्यापलीकडेही हा प्रश्न जातो, आणि वालचंदनगर परिसरात तर तो डोळ्यांसमोरच असतो. हे गावच एका माणसाच्या नावाने उभे आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबातले उद्योजक वालचंद हिराचंद (१८८२ ते १९५३) यांनी कळंबच्या माळावर शेती आणि कारखानदारी उभी केली. नीरेच्या कालव्याचे पाणी आले आणि कोरडवाहू रानात ऊस डोलू लागला. इथल्या कारखान्याने साखर कारखान्यांची यंत्रे घडवली. आज आजूबाजूच्या सगळ्या टापूचे अर्थकारण उसावर चालते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या काही वर्षे तो गळीत हंगामातच येतो आहे. म्हणजे इकडे रोजे सुरू असतात, तेव्हा तिकडे फडात बीड आणि इतर दुष्काळी भागांतून आलेले ऊसतोड मजूर कोयता चालवत असतात.

नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नाही. पाचटाच्या कोपीत संसार, बांधावर झाडाला बांधलेल्या साडीच्या झोळीत लेकरू, आणि आई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरकडे चाललेली. यांतल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा कुठे महाराष्ट्राने त्यांच्याबद्दल ऐकले. ती दुखणी त्याआधीही होती. ऐकणारे नव्हते.

परक्या मुलखात, पाण्यासाठी वणवण करणारी, कडेवर तान्हे मूल असलेली बाई. हे हाजरांचे वर्णन आहे आणि हेच वर्णन रमजानच्या कुठल्याही सकाळी इंदापूरच्या रस्त्यालगत पाहायला मिळते. सुमारे तेरा तासांच्या तहानेनंतर समोर येणाऱ्या थंड सरबताच्या पेल्याकडे पाहताना त्या बाईची आठवण होत नसेल, तर ती तहान नुसतीच तहान राहिली.

कुरआनात सूरह मरियममध्ये इस्माईल (अ.) यांच्याबद्दल दोन गोष्टी ठळकपणे सांगितल्या आहेत. ते दिलेल्या शब्दाला जागणारे होते आणि आपल्या माणसांना नमाज व जकातची ताकीद देत होते. ज्याच्या नावात देवाचे ऐकणे आहे, त्याच्या कामात गरजूंना देणे आहे. बहुसंख्य फिकही मतांनुसार जकात मुस्लिम गरजूंसाठी असते, पण सदका आणि खैरात यांना अशी अट नाही. कोपीतल्या लेकरासाठी दूध, एखाद्या बाईला दवाखान्यात नेण्यासाठी गाडी, हंगामात बुडणाऱ्या शाळेसाठी मुलांना थोडी मदत, हे सगळे सदक्यात बसते. इफ्तारच्या ताटाचा एक हिस्सा फडाकडे गेला तर त्याने रोज्याचा सवाब वाढेल, कमी होणार नाही.

आणि हाजरांची आणखी एक गोष्ट. जमजमचे पाणी दिसल्यावर जुरहुम टोळीची माणसे तिथे आली आणि इथे वस्ती करू का, असे त्यांनी विचारले. हाजरांनी परवानगी दिली, पण पाण्यावर तुमचा हक्क राहणार नाही, अशी अट घातली. त्यांनी ती मान्य केली. काल जिची हाक ऐकायला कुणी नव्हते, तिने आज आलेल्यांचे ऐकले, त्यांना जागा दिली आणि आपला हक्कही स्पष्ट शब्दांत राखला. ज्या भागात कालव्याच्या आवर्तनावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात, तिथे ही गोष्ट मशिदीच्या बयानात सांगितली जावी, चावडीवरही सांगितली जावी.

मराठी संतपरंपरेत भक्तीच्या नऊ प्रकारांत श्रवणाला पहिले स्थान आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी याच अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूरच्या वाटेने पंढरीला जाते आणि वाटेवरची गावे कीर्तन ऐकत बसतात. ऐकणे ही उपासना आहे हे या मातीला कुणी नव्याने शिकवायचे नाही. हिब्रू, अरबी आणि मराठी या तीन भाषा इथे एकाच गोष्टीवर येऊन थांबतात.

रमजान संपेल, ईदचा शिरखुर्मा होईल. त्यानंतरही कुणी इस्माईल कुठे खोली मागायला जाईल, कुणी अर्ज भरेल, कुणी दुकानाची पाटी लावेल. नाव विचारणाऱ्याने नाव ऐकल्यावर आणखी पाच मिनिटे बसून त्याचे ऐकावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. आणि ज्याचे नाव इस्माईल, त्याने आपल्या आईचे, बायकोचे, बांधावरच्या मजूर बाईचे ऐकावे, ही त्या नावाची अपेक्षा आहे. देव ऐकतो, याची खात्री त्या नावात दिलेलीच आहे. माणसांनी ऐकण्याचे काम मात्र माणसांवर सोडलेले आहे.